दिवे विकणारे ढीगभर, गरम हवेचं कोण बघणार?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. आपल्या पेपरात, आणि एकट्या आपल्याच नाही सगळ्याच पेपरांत, हल्ली बंद खोलीतल्या शेतीच्या यशोगाथा लई यायला लागल्यात. कुणी स्लॅबच्या खोलीत लेट्यूस काढतंय, कुणी स्ट्रॉबेरी, कुणी केशर. फोटोत जांभळा नाहीतर पिवळा उजेड, ट्रे धरून उभा असलेला पोरगा, आणि खाली महिन्याच्या कमाईचा आकडा. वाचायला बरं वाटतंय. पण त्या खोलीतली गरम हवा कुठनं बाहेर जाते हे एकाही बातमीत लिहिलेलं मी बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर ती खोली चालणार का बंद पडणार हे तिथंच ठरतंय.

आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं काम. डक्ट म्हणजे हवा न्यायचे पत्र्याचे पाइप, हूड म्हणजे वरनं झाकायच्या टोप्या, ब्लोअरची घरं, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांच्या शेडवरचे व्हेंटिलेटर, हेच आयुष्यभर केलं. आता ही खोलीवाली मंडळी यायला लागली. सगळ्यांचा क्रम ठरलेला: आधी दिवे घेणार, मग रॅक, मग भिंतींना पांढरा रंग, मग उद्घाटनाचा नारळ, आणि शेवटी "काका, आत लई उकडतंय, एखादा एक्झॉस्ट बसवून द्या की" म्हणून आमच्या दारात. म्हणजे जे पहिलं करायचं ते शेवटी.

साधी गोष्ट आहे. दिवा जेवढे वॉट खातो तेवढी सगळी उष्णता शेवटी त्या खोलीतच पडते. थोडी सरळ काचेवरनं हवेत जाते, बाकीची उजेड होऊन पानांवर, भिंतींवर, फरशीवर पडते आणि तिथं उष्णताच होते, झाड त्यातलं साठवून ठेवतंय ते अगदी नावाला. हजार वॉटचा सोडियम दिवा, म्हणजे रस्त्यावर असायचा तसला पिवळा, म्हणजे हजार वॉटचा हिटर असंच धरून चालायचं. वर त्याचा जुना लोखंडी चोक साधारण दहा टक्के आणखी खातो, तो आत ठेवला तर तीही भर आतच. एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढायची ताकद, म्हणजे हजारी तीन दिवे लावले की एक टनाचा एसी नुसता त्या दिव्यांनाच गेला, झाडांना आणि उन्हानं तापलेल्या स्लॅबला अजून काही मिळालंच नाही. हा हिशोब दिवा विकणारा सांगत नाही, त्याला दिवा विकायचा असतो, त्याचंही बरोबर आहे म्हणा.

कळंब्याकडच्या एका खोलीचं सांगतो. दहा बाय बारा, उंची दहा फूट, वर स्लॅब. रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून एलईडी लागले तेव्हा ते जुने फिटिंग भंगारात आले होते, तसल्यातलेच पण ६०० वॉटचे चार सोडियम पोरानं आणून लटकवलेले, चोक तिथंच भिंतीला ठोकलेले. एक्झॉस्ट होता, चांगला मोठा होता, पण त्याला पुढं सहा इंची फ्लेक्झिबल पाइप जोडून तो खिडकीतनं, मग गॅलरीतनं, मग वर असा तीन वळणं घेऊन नेलेला, आणि पाइप पुरता ताणलेलाच नाही, घड्या तशाच. पंख्याचा आवाज असा की शेजारी बोललेलं ऐकू येईना. मी खिशातली पावती काढून दाराच्या खालच्या फटीशी धरली. पंखा हवा ओढत असेल तर कागद आत खेचला पाहिजे. कागद हलला नाही. म्हणजे पंखा नुसता जागेवर बोंबलत होता, हवा जातच नव्हती.

लेट्यूसची आतली कोवळी पानं कडेनं तपकिरी झालेली. पोरगं म्हणालं कॅल्शियम कमी पडतंय म्हणून डोस वाढवलाय. कॅल्शियम पाण्यात भरपूर होतं हो, पण ते पानापर्यंत पाण्याबरोबर चढतं आणि पाणी चढायला पानावरनं वारा फिरावा लागतो. गड्ड्याच्या आत हवा कोंडली की कोवळ्या पानाला कॅल्शियम पोचत नाही आणि कडा जळतात. वर उष्णता वाढली की लेट्यूसला लगेच दांडा सुटतो आणि पान कडू होतं. खत बदलून हे सुटत नाही, वारा बदलावा लागतो.

आता हिशोब, कारण नुसतं "मोठा पंखा लावा" सांगून कुणाचं भलं होत नाही. आत असलेल्या दिव्यांचे एकूण वॉट घ्या, त्याला १.७६ नं गुणा, आणि बाहेरच्या हवेपेक्षा आत किती डिग्री जास्त चालेल त्या आकड्यानं भागा, आलं तेवढे सीएफएम लागतात, म्हणजे मिनिटाला तेवढी घनफूट हवा. या खोलीत चोक धरून २,६४० वॉट होते, पाच डिग्री जास्त चालेल म्हटलं तर ९३० च्या आसपास सीएफएम आले. चोक बाहेर काढले की ८४५ वर आलं, फुकटात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वर आहे, हवा जरा विरळ, म्हणून सहा-सात टक्के वाढवायचे, आणि जाळी-डक्टच्या अडथळ्यासाठी आणखी पंचवीसेक टक्के हातचे ठेवायचे. तीनच डिग्री जास्त पाहिजे म्हणाल तर पंखा जवळजवळ पावणेदोन पट मोठा लागतो. पंख्याच्या खोक्यावर लिहिलेला सीएफएम हा पुढं काहीच जोडलेलं नसतानाचा असतो हेही ध्यानात ठेवा. आणि भिंतीत बसवायचा तो साधा पातीचा एक्झॉस्ट मोकळ्या भोकातनं छान काम करतो, पण त्याच्या पुढं लांब पाइप नाहीतर मागं फिल्टर लावला की त्याचा दम जातो. पाइप लावायचा असेल तर सेंट्रिफ्यूगल ब्लोअर, म्हणजे पिंजऱ्यासारख्या चाकाचा, तो घ्या, महाग पडतो पण अडथळ्याला पुरून उरतो.

डक्टचं तर लोकांच्या डोक्यातच बसत नाही. सहा इंचीपेक्षा आठ इंचीत पावणेदोन पट जागा आणि बारा इंचीत चौपट. ९०० सीएफएम सहा इंचीतनं काढायचे म्हणजे वारा मिनिटाला साडेचार हजार फुटांवर धावला पाहिजे, तो धावत नाही, नुसता शिट्टी मारतो. त्याच कामाला बारा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचा सरळ डक्ट टाकला की वारा गुमान जातो आणि आवाजही नाही. वळण लागलंच तर काटकोनी नको, गोल बेंड. जोडाला खाकी टेप लावू नका, आठ-पंधरा दिवसांत गरमीनं सुटते, ॲल्युमिनियमची टेप लावा.

हवा कुठनं काढायची आणि कुठनं घ्यायची यासाठी फार शिकायला नको, आपलं गुऱ्हाळ बघा. काहिलीवरची वाफ वर उंच छपरातनं निघून जाते आणि खाली चारी बाजूनं मोकळं असतंय तिथनं गार हवा आत येते, म्हणून गुळव्या त्या जाळापाशी तासन् तास उभा राहू शकतो. खोलीतही तेच, काढायचं वरनं, दिव्यांच्या डोक्यावरनं, आणि घ्यायचं खालनं, समोरच्या बाजूनं. आत येणारं भोक बाहेर जाणाऱ्यापेक्षा दुप्पट तरी पाहिजे. त्यावर किड्यांसाठी बारीक जाळी लावली तर त्या जाळीतच निम्मी जागा जाते, मग भोक आणखी मोठं करा. आणि एका ठिकाणी तर बाहेर टाकलेली गरम हवा त्याच गॅलरीत, हाताच्या अंतरावर असलेल्या दुसऱ्या भोकातनं परत आत! वर्तुळ पूर्ण. मालक म्हणतो पंखा खराब हाय. पंख्यानं काय करायचं बिचाऱ्यानं.

कारखान्याच्या आसपासच्या गावांना एक जास्तीची कटकट. गळीत हंगाम सुरू झाला की चिमणीची काजळी पडते, वर पाचट पेटवलेलं असतंय. वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके दिसतात तेच सगळं जाळीत आणि दिव्याच्या काचेवर बसतंय. दिवा तेवढेच वॉट खातो, उष्णता तेवढीच देतो, पण उजेड कमी. त्या दिवसात जाळी आणि काच आठवड्याला पुसायची, दिवा बंद करून, गार झाल्यावर. तापलेल्या सोडियमच्या काचेवर ओल्या फडक्याचा एक थेंब पडला तरी ती तडकू शकते.

आता ऋतूंचं. वारा कितीही मोठा लावा, बाहेरच्या हवेपेक्षा खोली गार होत नाही, हे काळ्या दगडावरची रेघ. एप्रिलमध्ये दुपारी बाहेर अडतीस असेल तर आत त्रेचाळीस, त्यात लेट्यूसचं काय होणार. यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दिवे रात्री लावायचे. झाडाला घड्याळ कळत नाही, त्याला अंधार आणि उजेडाचे तास ठराविक मिळाले की बास. संध्याकाळी सातला चालू, सकाळी आठ-नऊला बंद. रात्रीची हवा पंधरा डिग्रीनं खाली असते ती फुकट मिळते. मात्र टीओडी मीटर, म्हणजे तासांप्रमाणे वेगळा दर लावणारा, असेल तर कुठल्या तासाला काय दर आहे ते आधी बिलावर बघा, तो वेळोवेळी बदलत असतोय. मार्च-एप्रिलची कोरडी हवा असताना पॅड आणि पंखा, म्हणजे आपला कूलरच, चांगलं काम देतो.

पावसाळ्यात तोच कूलर कुचकामी. जुलैत हवेत आधीच पाणी ठासून भरलेलं, त्यात आणखी काय भिजवणार. पण गंमत बघा, त्या दिवसात दिव्याची उष्णता उलट कामाला येते. चोवीस डिग्रीची पंचाण्णव टक्के ओली हवा आत येऊन पाच डिग्री तापली की तिची आर्द्रता सत्तरच्या आसपास येते. म्हणजे दिवे चालू असताना खोली बाहेरच्यापेक्षा कोरडी. घोळ होतो तो दिवे बंद झाल्यावर. तापमान उतरतं, झाडांनी सोडलेली वाफ तशीच अडकते, आर्द्रता एकदम वर जाते, पानावर दव धरतं आणि स्ट्रॉबेरीवर करडी बुरशी. लोक काय करतात, दिव्याबरोबर एक्झॉस्टही त्याच टायमरवर टाकतात, दोन्ही एकदम बंद. तसं करू नका, एक्झॉस्ट नंतर तासभर तरी चालला पाहिजे, आणि झाडांच्या उंचीला हवा फिरवणारे बारके पंखे चोवीस तास. डिसेंबरात मात्र थर्मोस्टॅटवर पंख्याचा वेग कमी करायचा, नाहीतर पहाटेची चौदा-पंधरा डिग्रीची हवा ओढून उगाच झाडं गारठवाल.

एसी लावायचाच असेल तर खोली बंद पाहिजे. एसी पण चालू आणि एक्झॉस्ट पण चालू, असं मी बघितलंय, म्हणजे पैसे देऊन गल्ली गार करायची. एसीच्या खोलीत दिव्यांना काचेचे बंद हूड करायचे आणि त्यांची हवेची वाट वेगळी ठेवायची, बाहेरनं हवा ओढा, दिव्यांवरनं न्या, बाहेर टाका, खोलीतल्या हवेचा तिच्याशी संबंध नको. यानं सगळी उष्णता जात नाही, जी उजेड होऊन खाली पडली ती पडलीच, पण काचेवरनं हवेत जाणारी बरीचशी परस्पर बाहेर जाते आणि एसी छोटा लागतो. ब्लोअर मी वाटेच्या शेवटाला बसवतो, ओढायला. ढकलायला बसवला तर जिथं जोड गळतो तिथनं गरम हवा खोलीत येते, ओढायला असला तर उलट खोलीतली थोडी हवा आत जाते, ते परवडतं. फक्त मोटर गरम हवेला टिकणारी आहे का ते विचारून घ्या. काच थोडा उजेड खाते ते धरून चाला. आणि बंद खोलीत झाडं कार्बन डायऑक्साइड भराभर संपवतात, बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागात ४२० भाग) आसपास असतो, आत त्याच्या खाली गेला की वाढ मंदावते. हे आणखी एक खर्चाचं खातं.

विजेचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. भंगारातल्या सोडियम फिटिंगमधला कपॅसिटर बहुतेक वेळा गेलेला नाहीतर काढलेलाच असतो. दिवा लागतो म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही, पण कपॅसिटर नसला की करंट जवळजवळ दुप्पट. त्या चार दिव्यांना साडेअकरा अँपिअर लागायचे तिथं वीस-बावीस जात होते, आणि वायर कुठली, तर घरातल्या बल्बच्या लाइनची! हात लावला तर स्विचबोर्ड कोमट. खाली पाण्याच्या ट्रे. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (भार वाढला की लाइन तोडणारा), ईएलसीबी (करंट गळला की तोडणारा), जाड वायर, मीटरचा मंजूर भार, हे वायरमनकडनं बघून घ्या, स्वतः यूट्यूब बघून नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंखा बंद पडला तर दिवे आपोआप बंद झाले पाहिजेत. दहा बाय बाराच्या खोलीतली हवा जेमतेम चाळीस किलो भरते. नुसती हवाच धरली तर २,४०० वॉटनं ती सतरा-अठरा सेकंदाला एक डिग्री चढते. भिंती आणि स्लॅब उष्णता पितात म्हणून एवढ्या वेगानं होत नाही, पण रात्री एकला पंखा अडकला आणि तुम्ही सकाळी सातला दार उघडलं तर आत भाजी शिजलेली मिळेल, नशीब वाईट असेल तर जाळ अन् धूर संगटच. एक टेम्परेचर कंट्रोलर आणि एक कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर चालणारा मोठा स्विच, पस्तीस-छत्तीस डिग्रीला दिव्यांची लाइन तोडायची. दिव्यांच्या मानानं खर्च किरकोळ आहे. लाइट जाऊन येते तिथं त्यालाच पाच-दहा मिनिटांचा डिले टायमर जोडा, कारण गरम सोडियम लगेच पेटत नाही, दिवा पेटवणारा इग्नायटर बिचारा ठोके मारत बसतो आणि मरतो.

एलईडी लावा, तो गार असतो, असं सर्रास सांगितलं जातं. गार-बिर काही नाही. शंभर वॉटचा एलईडी शंभर वॉटचीच उष्णता देतो. फरक एवढाच की झाडाच्या कामाचा उजेड त्यात वॉटमागं जास्त मिळतो, जुना चोकवाला सोडियम ज्यूलमागं एक-सव्वा मायक्रोमोल (झाडाच्या उजेडाचं माप) देतो आणि चांगला एलईडी अडीचच्या वर, म्हणजे तेवढाच उजेड निम्म्यापेक्षा कमी वॉटमध्ये, म्हणून पंखाही निम्मा. माझं मत विचाराल तर आता नवीन खोलीत सोडियम लटकवायचं कारणच नाही. पण एलईडीचं हीटसिंक, म्हणजे उष्णता सोडणारी धातूची पाठ, छताला चिकटवून ठेवलं, त्याला वाराच नाही, तर एलईडी लवकर मंद होतो.

एक राहिलं. नेटवर या खोल्यांची जी माहिती सापडते त्यातली बरीच परदेशातल्या एका भलत्याच झाडाच्या, म्हणजे गांजाच्या, हौशी लोकांनी लिहिलेली आहे, ज्याची परवान्याशिवाय लागवड आपल्याकडं अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. त्या झाडाला उजेड लई लागतो म्हणून ते हजार वॉटच्या गोष्टी करतात. आपली पोरं तेच वाचून मायक्रोग्रीनवर, म्हणजे कोवळ्या रोपट्यांच्या भाजीवर, हजारी दिवा टांगतात! मायक्रोग्रीनला ट्यूबलाइटएवढ्या एलईडी पट्ट्या पुरतात. केशराच्या कंदाला फुलं यायच्या वेळी सतरा डिग्रीच्या आसपासचा गारवा लागतो, जळजळीत उजेड नाही, म्हणजे तिथं पैसा गार करण्यात घालायचा. आणि भाजीपाल्याला कोल्हापुरात एवढं ऊन फुकट पडतंय, शेडनेट टाकून निघणारं पीक स्लॅबखाली कोंडून विजेवर कशाला काढायचं हे मला तरी कळत नाही. रोपं, टिश्यू कल्चर, मायक्रोग्रीन, इथपर्यंत खोली समजू शकतो.

म्हणून साहेब, एक विनंती. पुढची यशोगाथा छापताना बातमीदाराला एवढं विचारायला सांगा: खोली केवढी, दिवे एकूण किती वॉटचे, हवा किती सीएफएम नाहीतर एसी किती टनाचा, आणि एप्रिल महिन्याचं लाइट बिल किती आलं. कमाईच्या आकड्याशेजारी हे चार आकडे छापा, वाचणारी पोरं हुशार आहेत, हिशोब ती करतील.

आपला नेहमीचा वाचक,
एक पत्रा-डक्टवाला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर